कोपराच्या अलीकडे

शिवोलीचा इनास तारवटी
चोपड्याला आमच्या भाटात
पाडपाच्या दिवशी नारळ मोजायला येतो.
मी वही घेऊन उभा.
पहिल्या नारळाला मी म्हणतो लाभ,
वडील भात मापताना म्हणायचे म्हणून.
इनास काहीच म्हणत नाही.
करंगळीला हात लावतो.

पापुआत, कुठल्याशा नदीच्या मुखाशी,
लाकूड वाहणारं त्याचं जहाज
पंखा मोडून दोन महिने अडकलं होतं.
तिथे एक म्हातारी
झाडाच्या गाभ्याचं पीठ विकायची
आणि पुडे अंगावर मोजायची.
बोटं संपली की मनगट, मग हाताची नळी, कोपर,
दंड, खांदा, मान, कान, डोळा,
चौदाला नाक.
नाकावरून पलीकडे उतरायचं
थेट दुसऱ्या करंगळीपर्यंत. सत्तावीस.
वेगळे आकडे नाहीतच.
कोपर म्हणजे कोपर आणि कोपर म्हणजेच आठ.

"भाषेचं नाव काय रे?"
"विचारायचं राहिलं, मास्तर.
बोलणारी माणसं म्हणशील तर
आमच्या वाड्यावर लदिनीला जमतात तेवढी."

धप. धप. पाडेली वरून शिवी हासडतो,
कुत्रं बाजूला पळतं.

इनासच्या डाव्या हाताचं एक बोट
इंजिनरूमने ठेवून घेतलं, अठ्ठ्याऐंशी साली.
करंगळीशेजारचं.
आपण त्याला अनामिका म्हणतो,
नाव नसलेली.
तिथे तिला दोन म्हणतात.
इनास करंगळीला हात लावतो,
मग रिकाम्या जागेला, तितकाच वेळ थांबून,
मग मधल्या बोटाला.
त्याचा हिशेब एका नारळानेही चुकत नाही.
माझ्या वहीत खाडाखोड आहे.

पावकी, निमकी, अडीचकी, औटकी
मला सगळी पाठ.
वीस वर्षांत कुणी विचारली नाही.

सोमवारी शाळेत हजेरी घेताना
उगाच करंगळीपासून सुरुवात केली.
रुक्षा शेटगावकर. दर्पण गडेकर.
पहिली ते चौथी, सगळे मिळून
मनगट ओलांडून नळीवर संपले.
आठवा जूनपर्यंत होता,
आता म्हापशाला जातो, पिवळ्या बसने.

मी कोपर धरून
किती वेळ उभा होतो कोण जाणे.

"सर," रुक्षा म्हणाली,
"लागलं काय?"