तीन पावड्या

आप्पा येवल्याहून नाशिकला आले तेव्हा
त्यांच्याकडे लायसन होतं, नवं,
आणि पायांची एक सवय, जुनी:
खड्डामागाच्या दोन पावड्या
आलटून पालटून दाबायची.
‘इथे तीन आहेत,’ ते म्हणाले,
द्वारकेच्या चौकात क्वालिस पहिल्यांदा बंद पाडल्यावर,
मागून एसटी कोकलत असताना.

गाडी पांढरी, सेकंडहँड,
ओझरच्या एका बागायतदाराची.
सीटखाली कितीतरी महिने मनुके सापडायचे.
मागची दोन बाकडी समोरासमोर, म्हणून
माणसं गुडघ्याला गुडघा लावून त्र्यंबकला जायची
आणि उतरेपर्यंत सोयरिकी जुळवायची.
आठ म्हणत बारा बसायची.
एसी पुढच्यांना गारवा, मागच्यांना अफवा.
कसाऱ्याच्या चढाला ट्रकच्या मागे लागायची
आणि ट्रकच्या मागेच राहायची.
पण वाटेत कधी, आप्पा म्हणत, कधीच
(इथे ते वाक्य सोडून द्यायचे. दृष्ट लागते.)

पाथर्डी फाट्यावर शफीक मोमीनचं गॅरेज.
मालेगावचा माणूस, पॉवरलूमवर वीस वर्षं,
एक कान त्या खडखडाटाला देऊन आलेला.
त्यानंच सांगितलं, बॉनेटखालून, पाना मागता मागता:
‘आप्पासेठ, ही टोयोटा आधी माग करायची.
गाड्या नंतर.
सुताराचा पोरगा होता तो जपानी.
त्यानं असा माग केला, की ताण्यातला एक धागा तुटला
तर अख्खा माग आपोआप थांबेल.’

आप्पांनी चहा खाली ठेवला.
‘एक?’
‘एक.’
‘आमचा आम्हीच थांबवायचो.
मोराच्या मानेतला तुटका धागा
चार बोटं पुढे गेल्यावर दिसला,
की रात्रभर उसवत बसायचं.’
शफीकभाई हसला. ‘आमचा थांबायचाच नाही.
फाटका माल जायचा, मग पगार कापायचे.’
नंतर दोघंही गप्प.
इंजिन चालू होतं. ते ऐकत उभे राहिले,
शफीकभाई चांगला कान पुढे करून.

एक लाखाला काट्यांशेजारी एक दिवा लागला:
पट्टा बदला.
तुटला नव्हता. तुटेल म्हणून.
शिर्डीचं भाडं दारात उभं, नऊ माणसं, नारळासकट.
आई म्हणाली, येऊन बदला ना.
आप्पांनी किल्ली काढली, ॲडव्हान्स परत केला.
स्टँडवरचे पुढे वर्षभर त्यांना
दिवाबत्तीवाले म्हणायचे.

दोन लाख. तीन. कुंभमेळा. पुन्हा कुंभमेळा.
कंपनीनं क्वालिस बंद करून जमाना झाला होता,
शफीकभाई जुन्या बाजारातून आरसे आणायचा
आणि पैसे घेताना दुसरीकडे बघायचा.

मी अंबडला लागले, वायरिंगच्या लाईनवर.
डोक्यावर एक पिवळी दोरी,
भिंतीवर पाटी: चूक दिसली तर ओढा.
कुणी ओढत नव्हतं.
दोरीवर धूळ होती, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं.
तिसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर एक जुडगा आला,
हिरव्याच्या जागी निळी तार.
मी बघितली, आणि तो पुढे गेला.

मग ओढली.

पट्टा थांबला. चाळीस बायकांनी माना वर केल्या.
पत्र्यावर कबुतरं चालतात
हे त्या शेडमध्ये पहिल्यांदाच ऐकू आलं.
खैरनार सर आले. ‘कुणी?’
पुढचं सांगण्यासारखं नाही.
अर्धा दिवस कापला.

घरी आले तर आप्पा गाडी धूत होते.
सकाळी पेठरोडला आरटीओत पासिंगला न्यायची होती,
होईल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.
मी सगळं सांगितलं. ते चाकापाशी उकिडवे,
फडकं पिळत राहिले.
‘चार बोटं पुढे गेली होती का?’
‘नाही,’ मी म्हटलं. ‘एकच.’
‘मग उसवायला फार लागलं नसेल.’
आणि एमएच पंधराच्या पाटीवरचा
चिखल नखानं काढू लागले.