लोण्यावरचं फूल

वेलिंग्टनहून सात पानं आली.
मर्डो गिलँडर्सची सगळी शिपाईगिरी सात पानांत,
त्यातलं एक घोडीचं.

उंची पाच फूट साडेसहा.
छाती, फुगवून, छत्तीस इंच.
वर्ण उन्हानं रापलेला. (कुठलं ऊन?
माटौराच्या काठी जुलैत
बादलीतलं पाणी आम्ही कुऱ्हाडीच्या दांड्यानं फोडतो.)
धंदा: नांगऱ्या.
याआधी देशाबाहेर गेला आहेस का? नाही.
डुनेडिनपर्यंत तरी?
ते छापील अर्जात नव्हतं. तेही नाहीच.

स्वखुशीनं आला, असं तीन ठिकाणी लिहिलंय,
तिन्ही वेळा हस्ताक्षर दुसऱ्याचं.
रोजचे पाच शिलिंग मिळणार होते
आणि त्या साली सलगमाला कीड लागली होती,
हे त्या सात पानांत नाही.

घोडी घरची. नाव टिबी, कपाळावर चांदणी.
सत्तावीस दिवस बोटीत उभी.
डर्बनला ‘उतरवली’ एवढा शेरा,
खाली पान कोरं.

त्याच्या लेफ्टनंटची डायरी ग्रंथालयात होती.
हातमोजे घालून वाचली.
‘एर्मेलोच्या पुढे. शेतघरं तीन जाळली.
मेंढ्या चौदाशे. पियानो एक. हवा छान.’
‘जाळली’ हा शब्द पहिल्या आठवड्यातच दिसतो,
मग नुसते आकडे.
मर्डोचं नाव कुठेच नाही. पण तो तिथे होता,
आणि नांगऱ्या होता. कुठल्या पेरणीत
आपण घोडे घातले, ते त्याला न सांगता कळलं असणार.

परत आला. पदक, त्यावर दोन पट्ट्या, बंदरावर बँड.
बहिणीसाठी, एफीसाठी, खिशातून आणलेला
लोण्यावर उठवायचा लाकडी ठसा.
त्यावर फूल. काटेरी, गच्च, वाटीसारखं.
एफी म्हणाली, बघा, थिसल!
इतक्या लांबून पोरानं
बापजाद्यांच्या स्कॉटलंडचं फूल शोधून आणलं.
मर्डो त्यावर काय बोलला, कुणी सांगत नाही.
एवढंच सांगतात की डोंगरावरचं गवत जाळायच्या दिवसांत
तो खाली नदीवर जायचा ईल धरायला,
आणि ईल एकदाही आणला नाही.

तेव्हापासून आमच्या रविवारच्या लोण्यावर थिसल.
बारशांना थिसल. मर्डोला पुरून आलो
तेव्हाच्या चहालाही,
मी पाच वर्षांची होते, पाकळी बोटानं उचलून खाल्ली.

गेल्या सप्टेंबरात गाय अडली.
नवी डॉक्टर आली, मारलीझ, स्टेलेनबॉशकडची,
कोपरापर्यंत रक्त, वासरू जिवंत.
हात धुऊन टेबलाशी बसली, स्कोन फोडला
आणि लोण्याकडे बघत राहिली.
‘हा प्रोटिआ तुमच्याकडे कसा?’
मी म्हटलं, थिसल आहे तो.
ती हसली नाही. ठसा मागितला,
उलटा केला. मागे डागून काढलेली दोन अक्षरं, जे. बी.
आम्ही ती कारखान्याची खूण समजत होतो.
तिनं अंगठा त्यावरून एकदा फिरवला.
‘छान जपलंत,’ म्हणाली,
आणि लोणी न लावता स्कोन संपवला.

त्या रात्री छावण्यांच्या याद्या उघडल्या.
एर्मेलो भागातल्या जे. बी. एकशे बारा.
बायका, मुली, एक म्हातारा.
एकोणतीसपर्यंत वाचल्या.
एकोणतिसावी योहाना,
तिच्या वयाच्या आकड्यापुढे ‘महिने’ असं लिहिलंय.
तिथे चष्मा काढला.

आठवं पान मी माझ्या अक्षरात लिहायला घेतलंय.
‘आणलं:’ एवढं लिहून झालंय.
पुढे कुठलं क्रियापद टाकायचं,
की तेच खोडायचं, ठरत नाही.

रविवारी नातवानं विचारलं, लोण्यावर फूल का नाही?
म्हटलं, ठसा पाण्यात घातलाय.
एफीनंच शिकवलं होतं,
कोरडं लाकूड लोणी सोडत नाही,
आधी भिजू द्यावं.

दोन महिने झाले. भिजतोय.