सातवं झाड

ग्लेनिस प्रॉसर म्हणाली, फवारा खाली ठेव.
लाल टोपणाचा, नुकताच विकत आणलेला.
लेबल मी वाचलं होतं धंद्याच्या सवयीनं:
मात्रा, वेळा,
आणि सगळ्यात बारीक अक्षरांत मधमाश्या.
लेडबरीच्या औषधांच्या दुकानात दिवसभर
मी तेच तर सांगतो,
किती, किती दिवस, उपाशीपोटी की जेवल्यावर.

घराबरोबर सफरचंदाची सात झाडं आली होती.
पहिल्याच मे महिन्यात पानांची चाळण झाली
आणि मी रात्री उठून खिडकीशी,
जणू माझ्याच अंगावर काहीतरी उठलंय.

"ऑक्टोबरपर्यंत कळ काढ."
वय एक्याऐंशी, गुडघा नवा, जीभ जुनीच.

ऑक्टोबरात तिनं शिकवलं:
आधी सालीवरचं शेवाळ खरवडायचं,
मग मांडीएवढ्या उंचीवर कागदाची पट्टी,
वरखाली सुतळी, करकचून,
आणि त्यावर ग्रीज, हात आखडता न घेता.
"टेकूच्या खांबालाही लाव. ती काही मूर्ख नाही."

ती कोण, ते डिसेंबरात कळलं.
बॅटरीच्या उजेडात खोडावर
एक राखाडी, पोटुशी,
पंखांच्या जागी नुसती थोटकं.
नर वर भिरभिरत होते, फिकट, रिकामटेकडे.
तिला मात्र शेंड्यापर्यंत पायीच जायचं होतं
दीडशे अंडी पोटात घेऊन,
गवतावर हिम धरलेलं असताना.
मला तिचा राग यायला हवा होता.
पट्टीशी थांबली. मिशा हलवल्या.
एक पाय पुढे टाकला.

मी बॅटरी विझवली.

सकाळी मोजल्या, एकोणतीस.
त्या आठवड्यात दुकानात गोळ्या मोजताना
एकोणतीसवर आलो की हात अडखळायचा.

ग्लेनिसला सांगितलं.
तिनं चहा ओतला, सांत्वन केलं नाही.
म्हणाली, कोपऱ्यातलं सातवं तसंच सोडलंयस ना?
तिथं ब्लू टिटचं खोकं आहे.
सगळ्याच अळ्या अडवल्यास
तर पिल्लांना काय भरवतील, तुझं लेबल?

पुन्हा मे. सहा झाडं तुकतुकीत,
सातव्याच्या पानांतून पलीकडचं कुंपण दिसतंय.
आणि ते पिवळ्या पोटाचं जोडपं
वॉर्डात पाळी लागल्यासारखं आतबाहेर:
अकरा मिनिटांत नऊ फेऱ्या,
दर वेळी चोचीतून हिरवं काहीतरी लोंबतंय.
मी चहा गार केला.

मग ग्लेनिसनं एक छोटा तंबू फांदीला टांगला,
आत मादीच्या वासाची रबराची गोळी, खाली गोंद.
हा फळात शिरणाऱ्या दुसऱ्या पतंगासाठी.
"आता पुरुषांची पाळी," ती म्हणाली
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसली.

फवारा परत केला, पावती होती.
काउंटरवरच्या मुलीनं कारण विचारलं.
मी म्हटलं, रोगी सुधारतोय.

सातव्याला यंदा फळं कमी आली, चव बरी.
काहींना भोक होतं.
ग्लेनिस चाकूनं तेवढं कोरते,
उरलेलं खाते, उभ्याउभ्याच.

आज परत ऑक्टोबर.
सहा पट्ट्या बांधून सातव्यापाशी आलो,
डबा मिटला.
खोडावर हात ठेवणार होतो,
पण बोटांना ग्रीज होतं.
म्हणून नुसताच उभा राहिलो, जरा बाजूला.