बारदान वजा

रात्रीतून नवं व्हर्जन आपणहून बसलं,
आणि मंगळवारी सकाळी दोंडाईचा मार्केटात
आमच्याच गाळ्यावर काटा चालू, पट्टी बंद.
स्क्रीनवर एकच ओळ:
हे एक्स्टेंशन या आवृत्तीशी सुसंगत नाही.

बाहेर तेरा गाड्या मिरची घेऊन उभ्या,
हमाल शिंकतात, सुवालालशेठ शिंकतात,
की-बोर्डच्या फटींत दहा मोसमांची लाल पूड.
शेठ म्हणाले, "पावत्या हातानं फाडू, तू बघ तोवर."
तू बघ. म्हणजे मी. मी बी.कॉम.

फोल्डरमध्ये पाच फाइली,
शेवटची तारीख दोन हजार नऊ.
एकीत लिहिलेलं: कमाल आवृत्ती तीन.
तिनाचे सात केले.
कधीकधी एवढ्यावर भागतं,
दाखल्यावरचा काना सुधारून आणावा तसं;
माणूस तोच, रांग पुढे सरकते.

उघडलं. चाललंही.
पहिल्याच पट्टीवर एक्केचाळीस पोती
आणि बेरजेच्या जागी शून्य.

मग ओळीओळीनं खाली उतरले.
हा ज्यांना हाका मारत होता
ती फंक्शनं आता त्या पत्त्यावर राहत नाहीत.
एकाचं नाव बदललंय, एक दुसरीकडे नांदतंय,
एकाबद्दल कंपनी म्हणते, वापर बंद करावा.
का, ते सांगत नाही.
आणि शहात्तराव्या ओळीच्या डोक्यावर
इंग्रजी अक्षरांत अहिराणी:
हाई लाईन कसाले शे, माले याद नही.
पन काढशी ते बठं बंद पडी जाई.

लिहिणारा नथेसिंग गिरासे. नंबर मिळाला.
आता उधन्याला असतो, साड्यांची पार्सलं पोचवतो.
मागे टेम्पोचा हॉर्न. "मी लिखेल व्हतं? मी?"
बराच वेळ हसला.
"तवय मन्हं लगीन बी व्हयेल नव्हतं."
फोन ठेवता ठेवता, जरा हळू:
"आजून चाली ऱ्हायनं का ते?"

तीन वाजता ती ओळ कळली.
बारदान वजा केल्यावर जे ग्रॅम उरतात,
अर्ध्या किलोच्या आतले, कुणाच्याच खिजगणतीत नसलेले,
ते ती वर ढकलायची.
मिरची आणणाऱ्याच्या बाजूला.
दर पोत्यामागे. पंधरा मोसम.
शेठला ठाऊक नाही. नथेसिंगला आठवत नाही.
चूक असेल. किंवा त्या वयात माणूस
असं काही करून विसरूनही जातो.

काढून पाहिली.
काहीच बंद पडलं नाही.
नवं व्हर्जन ते ग्रॅम आपणहून खाली टाकतं,
आवाज न करता, अगदी नियमानं.
मी स्क्रीनकडे बघत बसले.
सुरतकडची गाडी फाटकावरून गेली,
गाळ्याचं शटर थोडं थरथरलं.

मग चार ओळींत तेच पुन्हा लिहिलं,
नव्या व्हर्जनला कळेल अशा बोलीत.
एक्केचाळीस पोती. आकडा आला.
त्याच्या कॉमेंटखाली टाइप केलं:
माले याद शे. हेमांगी निकुंभ.
वाचलं. खोडलं.
त्याचं तेवढं राहू दिलं, जसंच्या तसं.

"काय झालं होतं?" शेठनं विचारलं.
"व्हर्जन जुनं होतं," मी म्हटलं,
आणि सकाळपासून अडवून धरलेली
एक शिंक सोडून दिली.