रुमालाखालचा आकडा

पंचायत समितीतून आलेला संगणक
अजून खोक्यातच आहे.
त्यावर हेडसर आपला डबा ठेवतात.
परिपत्रकात मात्र ठळक अक्षरात : इयत्ता सहावी, कोडिंग.

म्हणून मी फळ्यावर वर्णमाला काढली
आणि सगळी अक्षरं एकेक घर पुढं सरकवली.
क च्या जागी ख, ख च्या जागी ग.
सांची झाली हांछी,
मंथन झाला यंदप,
आणि कापूस लिहिला तर आलं खाफूह,
जिनिंगमधून आल्यावर कुणी खोकावं तसं.
वर्ग हसला. दोघं तिघं नाही हसली,
त्यांच्या घरी तसं खोकतात.
"म्याडम, ज्ञ च्या पुढं काय?"
"मागं फिरून पुन्हा क."
"म्हंजे घाण्याचा बैल."
हो, म्हटलं, तसंच काहीसं.

मग पटांगणात.
एकानं यंत्र व्हायचं, बाकीच्यांनी हुकूम द्यायचे,
सांगितलं तेवढंच करायचं, मनानं काही नाही.
प्रज्वल यंत्र झाला. हात सरळ, डोळे समोर.
"चाल," म्हणाली पोरं,
आणि भांडत बसली, डावीकडं की उजवीकडं.
थांब म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.
प्रज्वल हातपंप ओलांडून फाटकाबाहेर,
ग्रामपंचायतीवरून, पीठगिरणीवरून,
थेट एसटीच्या पाटीपाशी जाऊन उभा.
मी धापा टाकत पोचले. "इथं का थांबलास?"
"बोर्डावर लिहेल हाये ना म्याडम,
थांबा."

घरचा अभ्यास दिला : घरातली एखादी गुप्त खूण आणा.
दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग च ची भाषा बोलत होता,
चाडममॅ चणीपा चऊदे चका.
सांचीनं आईच्या मिस कॉलची खूण आणली,
एक रिंग म्हणजे पोचले,
दोन म्हणजे फाट्यावर न्यायला ये,
तीन कधी वाजल्या नाहीत, त्यांचा अर्थ ठरायचा आहे.

मंथन शेवटच्या ओळीतला.
नऊचा पाढा त्याला नऊ त्रिक सत्तावीसपाशी सोडून जातो.
त्याचा बाप हेडी, बैलबाजारात सौदे जुळवतो.
तो उठला, खिशातून मळका रुमाल काढला,
"हात आना म्याडम," म्हणाला,
आणि माझ्या हातावर पसरून
खालून माझी बोटं धरली.
दोन दाबली. मग मूठ. मग करंगळीचं एक पेर, हलकंच.
"सांगा, बैल कितीले?"
मला नाही आलं.
त्यानं पुन्हा दाबली.
पुन्हा नाही आलं.
तिसऱ्यांदा, सावकाश, माझ्या तोंडाकडं बघत,
कपाळाला एकही आठी न पाडता.
नऊच्या पाढ्याला मी त्याच्याशी असं वागले नव्हते.

चौथ्यांदा आकडा उमगला.
मी उलट दाबून दोन हजार कमी केले.
त्यानं मान हलवली, हजार वाढवले,
जोडीत एक बैल मारका आहे म्हणून पाचशे सोडले,
दलाली वेगळी काढली,
सगळं एका दमात, सगळं बोटांत,
हा पोरगा गणितात ड श्रेणी.

पोरं बाकांवर चढली होती.
"आमाले बी दाखव ना बे!"
"नाई," मंथन म्हणाला.
"म्याडमले सांगतलं, त्या काई बैल घेत नाईत.
तुमचे बाप बाजारात येतात."
मग माझ्या कानाशी :
"लिहू नोका कुठं. बाप म्हंते,
सौदा झाला का रुमाल झटकाचा,
आतलं काई खाली नाई पडलं पाह्यजे."

अहवालात उपक्रमांसाठी चार रकाने असतात.
तीन भरले. चौथ्यात आडवी रेघ मारली.
हेडसरांनी विचारलं तर म्हणेन, पोरं कमी होती.

आणि कोणतं बोट म्हणजे किती,
ते तुम्हालाही सांगणार नाही.
त्यानं रुमाल झटकला तेव्हा मी पाहत होते,
माझ्याच हातावरची खडूची भुकटी
तेवढी उडाली.