अंगठ्याचे टाके

आत्याच्या दुकानात प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात
राखाडी, तिरका, एकच शब्द: संपले.
दुकान म्हणजे तिचं स्वयंपाकघर, माझा लॅपटॉप
आणि कायनाच्या पोस्टातल्या बाईशी असलेली जुनी ओळख.

‘संपले’ वाचलं की माणूस निघून जातो, मी म्हटलं.
खाली एक बटण लावू: आले की कळवा.
काय आले की?
हातमोजे.
ते येत नाहीत, विर्वे म्हणाली, ते विणावे लागतात.

तरी लावलं.
नाव, ईमेल, आणि खाली एक रिकामी चौकट:
काही सांगायचं असल्यास.
मग यंत्राने मला विचारलं,
माल आला की सगळ्यांना एकदम सांगू, की क्रमाने?
क्रमाने, तर एकेका माणसासाठी किती तास राखून ठेवू?
चोवीस आधीच भरलेलं होतं.
आत्याने सुया मांडीवर ठेवल्या.
चोवीस तासांत मी चष्मासुद्धा शोधत नाही.
मी बहात्तर केलं.
तिच्याकडे बघून, एक आठवडा.

फेब्रुवारीत खाडी गोठली तेव्हा यादीत चाळीस जण होते,
मार्चअखेर दोनशे सहा.
तिने पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला.
जोडीला नऊ दिवस, वर्षाच्या चाळीस,
बटाट्यांचे दिवस धरले नाहीत, मयतीचेही नाहीत.
म्हणजे शेवटचीला मी शहात्तराव्या वर्षी पोचेन.
मला वाटलं, घाबरेल, बटण काढ म्हणेल.
ती पाकीट उलटंपालटं करत राहिली.
इतक्या पुढचं आमंत्रण, म्हणाली,
मला अजून कुणी दिलं नव्हतं.

चौकटी बहुतेक कोऱ्या.
एकीने लिहिलं होतं, हिरवा चालणार नाही.
एकीने: घाई नाही, बाळ ऑगस्टमध्ये आहे.
आणि एक्केचाळिसावा, हापसालूचा काल्यू:
मला एकच हवा. डावा.
रोहुक्यूलाच्या फेरीबोटीवरून पाण्यात पडला.
उजवा आहे. तुम्हीच विणलेला, दोन हजार नऊ साली.

यंत्राला अर्धा कळत नाही.
त्याच्या लेखी कमीत कमी एक, आणि एक म्हणजे दोन.
मी उत्तर लिहून ठेवलं: क्षमस्व, आम्ही सुटा विकत नाही.
पाठवण्याआधी आत्या म्हणाली, नऊ साली
लाल लोकर पुरली नव्हती,
मनगटाशी मी कांद्याच्या सालीचा रंग घेतला होता.
त्याला म्हणावं, उजवा पाठव, रंग जुळवून बघते.

पण त्याच्या आधी चाळीस जण आहेत, मी म्हटलं.
तेव्हा तिने मला अर्धवट पंजा दाखवला.
विणत विणत अंगठ्यापाशी आलं
की तिथले पंधरा टाके
एका टाकाऊ दोऱ्यावर ओवून ठेवायचे,
आणि पुढे जायचं, बोटांच्या टोकापर्यंत.
सुईवर नसतात, पण उसवतही नाहीत.
दोऱ्याचा रंग कुठलाही चालतो,
तो नंतर ओढून काढायचाच असतो.
तुझी यादी ती हीच ना?
मग ह्याला दुसऱ्या दोऱ्यावर घे.

उजवा आला. आतून तंबाखूचा वास,
तर्जनीपाशी रफू, दुसऱ्याच कुणाच्या हातचा, जाड दोऱ्याचा.
आत्याने हात आत घातला
आणि चहा उकळून आटला तरी काढला नाही.
किती घ्यायचे, मी विचारलं. अर्धे?
अर्ध्याचं मला विचारू नकोस, म्हणाली.

एप्रिलमध्ये बर्फ फुटला.
पहिली नवी जोडी पूर्ण झाली, यंत्राने पहिल्या नावाला कळवलं.
एक दिवस. तीन. पाच.
सातव्या रात्री ते आपोआप दुसऱ्या नावाकडे सरकणार होतं.
ती बाई आजारी असेल, आत्या म्हणाली, तिला फोन कर.

फोनची चौकट मी ठेवलीच नव्हती.

जोडी चुलीच्या कठड्यावर वाळत होती,
अंगठे आत दुमडलेले.
बाराला दहा मिनिटं कमी असताना
मी आठवड्याच्या जागी दोन लिहिलं.
आत्या झोपली होती.
तिला मी अजून सांगितलेलं नाही.