कळ

माझ्या यंत्राला आठ कळा आहेत.
चेकोस्लोव्हाकियात बनलेलं, लोखंडी.
तो देश राहिला नाही, हे चालतंय.
सूक्ष्मदर्शकाला डोळा, कळांवर बोटं,
पेशी दिसली की टक्.
शंभर भरल्या की घंटी.
डावीकडून दुसरी कळ न्यूट्रोफिलची.
तिच्यावरचं अक्षर केव्हाच झिजलं,
कारण धडधाकट माणसाच्या रक्तात
शंभरातल्या साठएक वेळा बोट तिथंच जातं.

विदिनचं इस्पितळ. मार्च.
खिडकीबाहेर डॅन्यूब, पलीकडे रुमानियाचे दिवे.
पहाटे साडेतीनला नमुना आला.
स्तामेन, वय एकावन्न, बोटी जोडणारा वेल्डर.
ताप चाळीस. घसा असा सोललेला
की थुंकीही गिळवेना.

तांबड्या पेशी नेहमीसारख्या, दाटीवाटीनं.
पांढऱ्या शोधत काचपट्टी सरकवत राहिले
अनोळखी गावात रात्री पत्ता शोधावा तशी.
एक लिम्फोसाइट. टक्.
बऱ्याच वेळानं आणखी एक. टक्.
धाग्यात ओवलेले तीन-चार जांभळे मणी,
न्यूट्रोफिलची ती खूण,
कुठेच नाही.
रंग चुकला असेल म्हणून दुसरी काच रंगवली.
पाऊण तासानं घंटी वाजली
आणि दुसऱ्या कळीचा आकडा होता
शून्य.

खाली डॉक्टर कोलेवा त्याच्या बायकोला विचारत होत्या,
"काही औषध घेत होता?"
वेलिकानं मान वरखाली हलवली.
आमच्याकडे याचा अर्थ : नाही.
"दाढ दुखायची नुसती. महिनाभर.
ताप चढला तेव्हा व्हिनेगरात भिजवलेले मोजे घातले पायांत."
"आणि अॅनाल्जिन?"
तिनं मान डावी-उजवी हलवली. आमच्याकडे : हो.
म्हणजे काय, हो तर!
अॅनाल्जिन काय औषध आहे?
ते घरात असतं. मिठासारखं.
दाढेला दोन, झोपताना एक,
मग ताप आला म्हणून तापाला,
घसा धरला म्हणून घशाला.

कुणीच काही बोललं नाही.
ज्यानं आग लावली
त्यालाच रोज पाण्याची बादली देऊन आत पाठवत होती ती,
आणि तिचा काय दोष?
माझ्या बापाला याच गोळीनं मुतखड्याच्या रात्री काढता आल्या.
हजारो लोक घेतात, उठतात, कामाला जातात.
एखाद्याच्याच रक्तात
राखणदार एका आठवड्यात नाहीसे होतात,
आणि तो एखादा कोण
हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

गोळी बंद. वेगळी खोली. प्रतिजैविकं.
हाडाच्या मगजाला हाका मारणारं इंजेक्शन.
रोज पहाटे त्याचं रक्त, रोज माझी काच.
शून्य. शून्य. शून्य.
पाचव्या दिवशी वेलिकानं ल्युतेनित्साची बरणी आणून ठेवली,
"तुम्ही नीट बघा," म्हणाली.
जणू मी हयगय करत होते.
मी नीट बघितलं.
शून्य.

आठव्या पहाटे, पट्टीच्या अगदी कडेला,
घोड्याच्या नालासारखी वाकलेली एक,
पोरसवदा, अजून मणी न पडलेली.
कोवळ्यांची कळ वेगळी आहे, उजवीकडची,
तीच दाबायची असते.
दाबली. टक्.
मग, कुणी बघत नाही असं पाहून,
उगाच
दुसरीवरूनही बोट फिरवलं.

घरी आले तर आई जागी,
गालाला हात लावून, ओट्याशी.
"दाढ," म्हणाली. "त्या डब्यात बघ ना."
डबा मला पाठ आहे.
झाकणात सुया, तळाशी कागदी पाकीट,
दोन गोळ्या उरलेल्या.
मी डबा उघडला नाही.
तिचा थंड हात हातात घेतला.
"दातांचा डॉक्टर नऊला येतो.
तोवर जरा कळ काढ."

आईनं मान हलवली.
वरखाली.